जावा उपयोजनांची बांधणी व घटकांचे परस्परावलंबित्व : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तुत लेखात जावा उपयोजने वापरस्थळी पोहोचविण्याच्या पद्धतींचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. प्राणहिता-गोदावरी संगमाजवळील सिरोंचासारख्या दूरच्या तालुक्याचा विचार करता हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. राहिलेला घटक तेथे ऐनवेळी इंटरनेटवरून मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही.

१९९७ मध्ये जावा १.१ सोबत 'जार' फाइल आली. अनेक फाइली एकत्र बांधता आल्या. परंतु आवश्यक लायब्ररी सोबत आहे किंवा नाही, हे बहुधा प्रत्यक्ष वापराच्या वेळीच कळे. पुढे 'मेव्हन'ने अवलंबित्वे लेखी नोंदविण्याची शिस्त आणली. २००५ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून अवलंबित्वांची अवलंबित्वेही आपोआप मिळू लागली. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ ने मॉड्यूलला आपल्या गरजा जाहीर करण्याची सोय दिली आणि 'जेलिंक'द्वारे जावासह स्वयंपूर्ण संच तयार करता येऊ लागला. तथापि आवृत्तीची निवड मेव्हनसारख्या साधनांकडेच राहिली.

डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या लायब्ररीतील गंभीर दोष उघड झाला, तेव्हा ती आपल्या उपयोजनात दडलेली आहे काय, हेच अनेक संस्थांना शोधावे लागले. सबब, दूरस्थ केंद्रासाठी सर्व घटक सोबत देणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. संचासोबत घटकांची नावे व आवृत्त्या यांची यादीही असावी. अन्यथा दोष शोधण्याचा भार, ज्यांच्याकडे साधने सर्वांत कमी, त्यांच्यावरच पडतो.