न भरलेला फॉर्म: सवलतीतल्या शेअर विक्रीचा इतिहास कसा वाचायचा?

मागच्या दिवाळीत जालन्याला घरी गेलो होतो, तेव्हा आजोबांची लोखंडी पेटी उघडली. आजोबा प्राथमिक शिक्षक होते. पेटीत पगाराच्या स्लिपा, एलआयसीच्या पावत्या आणि चार-पाच कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं होती. त्यात एक चारपानी छापील फॉर्म सापडला. एका कंपनीने १९८०च्या दशकाच्या शेवटी आपल्याच भागधारकांना बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत नवे शेअर देऊ केले होते, त्या राइट्स इश्यूचा म्हणजे हक्कभागांचा अर्ज. समासात पेन्सिलीने केलेला गुणाकार होता. बाकी सगळा फॉर्म कोरा.

माझा विषय मराठवाड्यातले छोटे गुंतवणूकदार हा असल्यामुळे मला अर्थातच आनंद झाला. प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी ठोकून दिलं: ‘ग्रामीण व निमशहरी भागधारकांमध्ये अशा संधींबाबत उदासीनता दिसते.’ सरांनी ‘उदासीनता’ या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि बाजूला एवढंच लिहिलं: ‘कशावरून?’

आजचा लेख त्या लाल गोलाबद्दल आहे. तुम्ही पेट किंवा पीएचडीच्या तयारीत असाल, तर असा गोल तुमच्याही वाट्याला येणारच आहे.

आधी गणित

राइट्स इश्यूवर कुणाशीही बोला, तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘स्वस्तात मिळतोय, भरून टाका.’ ‘पैसे मागतायत म्हणजे काहीतरी गडबड आहे.’ आणि ‘आपल्या दोन-चारशे शेअरांनी काय फरक पडतो?’ मुलाखतीत ही वाक्यं आली की आपण ती उतरवून घेतो आणि पुढे जातो. तसं करू नका. आधी स्वतः गणित करून बघा.

खरं उदाहरण घेऊ. फोर्टिस हेल्थकेअर या हॉस्पिटल कंपनीने २००९ मध्ये राइट्स इश्यू काढला. दर ५ शेअरमागे २ नवे शेअर, किंमत ११० रुपये, एकूण रक्कम सुमारे ९९७ कोटी. आता फक्त हिशेबासाठी समजा, बाजारभाव १४५ आहे आणि तुमच्याकडे ५०० शेअर आहेत. त्यांची किंमत झाली ७२,५०० रुपये. तुम्हाला २०० नवे शेअर घेण्याचा हक्क मिळतो, त्यासाठी २२,००० भरायचे. भरल्यावर तुमच्याकडे ७०० शेअर आणि त्यांत अडकलेले एकूण ९४,५०० रुपये. भागाकार करा: एका शेअरला १३५. इतर काहीही बदललं नाही, तर नव्या शेअरांनंतर भाव याच्या आसपास यायला हवा.

म्हणजे ज्याने पैसे भरले त्याला फुकट काही मिळालं नाही. ज्याने काहीच केलं नाही त्याचे ५०० शेअर मात्र आता ६७,५०० चे झाले. त्याचे ५,००० रुपये गेले. सवलत जितकी खोल, तितकं गप्प बसणाऱ्याचं नुकसान मोठं. ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणणारा अर्धंच बरोबर बोलतो आणि ‘काय फरक पडतो’ म्हणणारा पूर्ण चुकतो.

तिसरी वाटही असते, आणि तीच बहुतेकांना माहीत नसते: हक्क विकणं. १९५६च्या कंपनी कायद्याच्या ८१व्या कलमात देकारासाठी किमान १५ दिवसांची मुदत होती आणि हक्क दुसऱ्याच्या नावे करण्याची मुभाही होती. वरच्या उदाहरणात एका नव्या शेअरचा हक्क २५ रुपयांचा आहे. २०० हक्क विकले की ५,००० परत. नुकसान शून्य. कागदी फॉर्मच्या काळात त्यासाठी ‘भाग ब’ भरावा लागायचा, घेणाऱ्याने ‘भाग क’ भरायचा. आजोबांच्या फॉर्मवर हे दोन्ही भाग छापलेले आहेत, अगदी बारीक टाइपात आणि इंग्रजीत. गावात बसून हा हक्क घेणारा माणूस शोधायचा कुठे, हे मात्र त्या फॉर्ममध्ये कुठेच नाही.

हे दुखणं बरंचसं कमी झालं ते २०२० मध्ये. सेबीने हक्क थेट डीमॅट खात्यात जमा करण्याची पद्धत आणली आणि त्या मे महिन्यात रिलायन्स इंडस्ट्रीजच्या इश्यूमध्ये (१५ शेअरमागे १, किंमत १,२५७ रुपये) हे हक्क शेअर बाजारात शेअरांसारखेच विकले गेले.

एकच शब्द, दोन काळ

आता इतिहासाचा मुद्दा. ‘सवलत’ हा शब्द १९८८च्या कागदावर दिसला काय आणि २००९च्या कागदावर दिसला काय, अर्थ एकच असं समजू नका.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, कंपन्यांनी भांडवल किती आणि कसं उभारायचं यावर सरकारी नियंत्रण आलं. १९४७च्या कायद्याने ते कायम झालं. दिल्लीत ‘कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज’ नावाचं कार्यालय होतं आणि शेअर कोणत्या किमतीला विकायचा याला त्याची परवानगी लागे. हिशेब कंपनीची मालमत्ता आणि पूर्वीचा नफा यांवर बांधलेला असे, त्यामुळे ठरलेली किंमत बाजारभावाच्या बरीच खाली राहणं नेहमीचं होतं. ‘राइट आला की डोळे मिटून भरायचा’ हा जुन्या लोकांचा नियम इथून आला. सवलत कंपनीच्या मनावर नव्हती, ती व्यवस्थेतच होती.

मे १९९२ मध्ये हे नियंत्रण उठलं. त्याच वर्षी सेबीला कायद्याने अधिकार मिळाले आणि किंमत ठरवणं कंपन्यांच्या हातात आलं. त्यानंतर सवलत किती द्यायची हा कंपनीचा निर्णय झाला आणि त्यामागचं कारण विचारणं गरजेचं झालं. ‘काहीतरी गडबड आहे’ हे वाक्य या काळातलं. १९८८ च्या फॉर्मला ते लावलं तर तो कालविपर्यास होईल.

हॉस्पिटल कुणाचं, इमारत कुणाची?

हॉस्पिटल कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक थर असतो. आपल्याकडे जालन्यासारख्या गावात खाली दवाखाना आणि वर डॉक्टरांचं घर, ही ओळखीची रचना. इमारत आणि धंदा एकाच कुटुंबाचा. मोठ्या कंपन्यांत या दोन गोष्टी वेगळ्या विकल्या जातात. मुंबईतल्या मुलुंडच्या हॉस्पिटलची गोष्ट बघा.

२००८च्या सुरुवातीला वोक्हार्ट हॉस्पिटल्सने शेअर विक्रीला काढले. किंमतपट्टा २८० ते ३१० रुपये. जानेवारीत बाजार कोसळला होता. मागणी येईना म्हणून पट्टा २२५ ते २६० वर आणला, मुदत वाढवली, तरी शेवटी फेब्रुवारीत विक्री मागे घ्यावी लागली. स्वस्त केलं की लोक घेतातच, या समजुतीला हे चांगलं उत्तर आहे. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००९ मध्ये, फोर्टिसने मुलुंडसह वोक्हार्टची १० हॉस्पिटलं ९०९ कोटींना घ्यायचं जाहीर केलं. २०१२ मध्ये फोर्टिसच्या बऱ्याच हॉस्पिटलांच्या जागा आणि इमारती रेलिगेअर हेल्थ ट्रस्टकडे गेल्या आणि हा ट्रस्ट सिंगापूरच्या बाजारात नोंदवला गेला. त्यांत मुलुंड आणि कल्याणही होतं. पेशंट मुलुंडला, बिल रुपयांत, आणि इमारतीपोटी मिळणाऱ्या शुल्कातला वाटा सिंगापूरच्या युनिटधारकाला. २०१८ मध्ये मलेशियाच्या आयएचएच कंपनीने १७० रुपयांच्या भावाने ४,००० कोटी रुपये फोर्टिसमध्ये घातले. हे शेअर थेट त्या एकाच कंपनीला दिले गेले, राइट्सप्रमाणे सगळ्या भागधारकांना विचारून नव्हे. आणि जानेवारी २०१९ पर्यंत ट्रस्टकडची मालमत्ता ४,६५० कोटींना फोर्टिसकडे परत आली.

इथे दोन सापळे आहेत. एक, २००९ मध्ये राइट्स इश्यू आणि खरेदी दोन्ही झाले म्हणून ‘खरेदीसाठीच इश्यू काढला’ असं घाईने लिहू नका. देकारपत्रात ‘इश्यूची उद्दिष्टे’ असं प्रकरण असतं, ते ओळीओळीने वाचा. दोन, ‘हॉस्पिटलमध्ये गुंतवणूक’ असं कुणी म्हटलं तर विचारा: उपचारांच्या धंद्यात की इमारतीच्या भाड्यात? दोन्हींची जोखीम वेगळी आणि सवलत मागण्याची कारणंही वेगळी.

परत पेटीकडे

लाल गोलानंतर मी पेटी पुन्हा उपसली. तळाशी आजोबांची खर्चाची वही होती. फॉर्मची शेवटची तारीख ज्या आठवड्यात होती, त्याच आठवड्यात एक नोंद आहे: आजीचं ऑपरेशन, औरंगाबाद, अनामत. खाली एसटीचं भाडं, दोन वेळचं. समासातला गुणाकार मी पुन्हा बघितला. शेअरची संख्या गुणिले किंमत, बरोबर केलेला. त्यातून अनामतीची रक्कम वजा केलेली, आणि उत्तराखाली काहीच नाही.

आजोबा उदासीन नव्हते. त्यांनी हिशेब केला आणि निवड केली. ‘भाग ब’ कुणी त्यांना समजावून सांगितला असता तर त्यांना निवड करावी लागली नसती, ऑपरेशनही झालं असतं आणि हक्काचे पैसेही हाती आले असते.

कंपनीच्या कागदांत न भरलेल्या हक्कांची फक्त एकूण संख्या सापडते. ती सोडणाऱ्यांत कुणाला इश्यू पटला नाही, कुणाला कळला नाही आणि कुणाकडे त्या आठवड्यात पैसे नव्हते, हे त्या आकड्यात दिसत नाही. नंतर गप्पा मारायला येतात तेही बहुधा भरलेलेच असतात, कारण त्यांच्याकडे सांगायला गोष्ट असते. म्हणून मुलाखत घेताना ‘तुम्ही भरला का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘त्या महिन्यात घरात काय चाललं होतं?’ हेही विचारा. आणि खर्चाची वही मिळाली तर रद्दीत जाऊ देऊ नका.

मसुद्यातलं ते वाक्य मी खोडलं. त्या जागी आता आजीच्या ऑपरेशनची तारीख आहे, आणि तिच्याखाली फॉर्मची शेवटची तारीख.