स्पीडवे शर्यती, ब्रिटनमधील

सैल मातीच्या वा खडकाच्या भुग्याच्या लंबवर्तुळाकार धावमार्गावर, ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींवरून होणाऱ्या सांघिक शर्यतींना स्पीडवे ही संज्ञा आहे. ब्रिटनमध्ये ह्या खेळाची रीतसर सुरुवात १९२८ मध्ये झाली आणि पुढील वीस वर्षांत तो तेथील शहरी कामगारवर्गाच्या करमणुकीचे एक प्रमुख साधन बनला. त्यानंतरचा त्याचा इतिहास चढउतारांचा आणि एकंदरीने पाहता ओहोटीचा आहे. दूरचित्रवाणीचा प्रसार, बदललेली लोकाभिरुची आणि वाढता खर्च ही ह्या ओहोटीची कारणे म्हणून सामान्यतः सांगितली जातात. ती खोटी नाहीत. तथापि त्यांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. ज्या मैदानावर शर्यत होते, ते मैदान बहुतेक संघांच्या मालकीचे कधीच नव्हते.

शर्यतीचे स्वरूप सोपे आहे. प्रत्येक फेरीत दोन्ही संघांचे दोन-दोन असे चार स्वार घड्याळाच्या उलट दिशेने धावमार्गाला चार वेढे घालतात. सर्व मिळून साधारणतः एक मिनिट लागते. पहिल्या तिघांना अनुक्रमे ३, २ व १ असे गुण मिळतात; चौथ्याला काहीच मिळत नाही. गाडीचे एंजिन ५०० घ. सेंमी. क्षमतेचे, एकाच सिलिंडरचे असून ते मिथेनॉलवर चालते. ब्रेक नसल्याने वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवून, पुढचे चाक उलट दिशेला वळवून व डावा पाय जमिनीवर टेकवून तोल सांभाळावा लागतो. पहिल्या वळणाशी चौघे जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात. त्या क्षणाची धास्ती, प्रेक्षकांच्या अंगावर उडणारी माती आणि जळक्या इंधनाचा विशिष्ट वास ह्यांमुळे ह्या खेळाचा एक निष्ठावंत चाहतावर्ग निर्माण झाला.

ह्या शर्यतींचा आधुनिक प्रकार ऑस्ट्रेलियातून आला. १९२३ मध्ये न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे जॉनी हॉस्किन्स ह्याने प्रदर्शनाच्या मैदानावर भरविलेल्या शर्यतींपासून त्याचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळील एपिंग अरण्यातील हाय बीच येथे, एका मद्यगृहाच्या मागील मैदानावर शर्यती झाल्या. संयोजकांची काही हजार प्रेक्षकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सुमारे ३० हजार लोक लोटले. ब्रिटनमधील पहिली शर्यत हीच काय, ह्याविषयी मतभेद आहेत, कारण १९२७ मध्येही कॅम्बर्ली व ड्रॉइल्सडन येथे तत्सम प्रयोग झाले होते. परंतु ह्या खेळात पैसा आहे, हे हाय बीचच्या गर्दीने सिद्ध केले, ह्यात शंका नाही. त्याच वर्षी देशभर अनेक धावमार्ग सुरू झाले व १९२९ मध्ये उत्तर आणि दक्षिण अशा दोन साखळी स्पर्धा (लीग) चालू झाल्या.

ह्या झपाट्यामागे एक योगायोग होता. ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे सुरू झाल्या होत्या आणि त्यांसाठी मोठ्या शहरांतून नवी, लंबवर्तुळाकार, दिव्यांच्या प्रकाशाने उजळलेली क्रीडागारे उभी राहत होती. कुत्र्यांच्या मार्गाच्या आत मोटारसायकलींचा मार्ग सहज बसे. मोकळ्या राहणाऱ्या संध्याकाळी मैदानमालकाला भाडे मिळे आणि प्रवर्तकाला बांधकामावर पैसा न गुंतवता तयार प्रेक्षागार मिळे. वेस्ट हॅम, विम्बल्डन, हॅरिंगे, न्यू क्रॉस इ. लंडनमधील नामांकित संघ अशाच मैदानांवर वाढले. आरंभीची ही सोय पुढे ह्या खेळाच्या गळ्यातील फास ठरली.

आर्थिक घडण : स्पीडवेचा संघ म्हणजे सभासदांची संस्था नव्हे, परवाना घेऊन स्वतःच्या जोखमीवर शर्यती भरविणाऱ्या प्रवर्तकाचा तो व्यवसाय असतो. स्वार हे पगारी नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक असतात. गाडी, एंजिन व दुरुस्ती त्यांची, आणि मोबदला मिळविलेल्या गुणांच्या हिशेबाने. जखमी स्वाराची कमाई त्या दिवसापासून थांबते. प्रवर्तकाच्या खर्चात स्वारांचे गुणमूल्य व प्रवासखर्च, मैदानाचे भाडे, विमा, डॉक्टर व रुग्णवाहिका, पंच, धावमार्गाची निगा ह्यांचा समावेश होतो. अलीकडच्या काळात हवेने फुगविलेल्या सुरक्षा-कुंपणांची त्यात भर पडली. उत्पन्नाची बाजू मात्र तोकडी असते. प्रवेशशुल्क आणि कार्यक्रम-पत्रिकांची विक्री ही त्याची मुख्य साधने. उपाहारगृह व मद्यालय ह्यांचा नफा बहुधा मैदानमालकाच्या खिशात जातो. पावसाने शर्यत रद्द झाली, तर उत्पन्न बुडते आणि बराचसा खर्च तसाच राहतो. फुटबॉल संघाला अडचणीच्या काळात स्वतःचे मैदान गहाण ठेवता येते. स्पीडवेच्या प्रवर्तकाजवळ गहाण ठेवण्यासारखे काहीच नसते.

भरभराट व पहिली ओहोटी : १९३६ मध्ये वेम्ब्ली येथे पहिली वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली व ऑस्ट्रेलियाचा लायनेल व्हॅन प्राग विजयी ठरला. दुसऱ्या महायुद्धात साखळी स्पर्धा बंद होत्या. बेल व्ह्यूला मात्र शर्यती चालू राहिल्या. युद्ध संपताच करमणुकीला आसुसलेल्या लोकांनी मैदाने भरून टाकली. आर्थर एल्विन ह्याच्या व्यवस्थापनाखालील वेम्ब्ली लायन्स ह्या संघाने १९४६ ते १९५३ ह्या आठ हंगामांत सात वेळा अजिंक्यपद मिळविले. १९४९ मध्ये टॉमी प्राइस हा पहिला इंग्रज जगज्जेता ठरला, तेव्हा वेम्ब्लीला ९० हजारांहून अधिक प्रेक्षक होते. १९५० मध्ये तीन विभागांत मिळून तीसहून अधिक संघ खेळत होते.

ह्याच वैभवाच्या काळात उतरणीची बीजेही पडली. सरकारने करमणूक कर आकारताना स्पीडवेला फुटबॉल व क्रिकेट ह्यांच्याहून चढा दर लावला. यंत्राच्या बळावर चालणारा खेळ हा जणू खेळच नव्हे, असा त्यामागील भाव होता. तिकिटामागचा मोठा हिस्सा असा परस्पर गेल्यामुळे भरलेल्या मैदानांतूनही गंगाजळी साठली नाही. १९५३ मधील राज्याभिषेकाच्या निमित्ताने घरोघर दूरचित्रवाणी संच आले आणि संध्याकाळी बाहेर पडण्याची सवय मोडू लागली. न्यू क्रॉसचा संघ १९५३ मध्ये, हॅरिंगेचा १९५४ अखेर आणि वेस्ट हॅमचा १९५५ मध्ये बंद पडला. १९५७ च्या आरंभी एल्विन मरण पावला व वेम्ब्लीने स्पर्धेतून अंग काढून घेतले. खेळांवरील करमणूक कर त्याच वर्षी रद्द झाला, पण तोवर लंडनच्या संघांपैकी विम्बल्डन हाच प्रमुख संघ उरला होता आणि दशकाच्या अखेरीस व्यावसायिक साखळी स्पर्धेत दहाच्या आसपास संघ राहिले होते.

१९६० मध्ये काही प्रवर्तकांनी बंद पडलेली मैदाने पुन्हा उघडून प्रॉव्हिन्शियल लीग ही कमी खर्चाची स्पर्धा सुरू केली. मूळ स्पर्धेचे चालक व हे नवे प्रवर्तक ह्यांच्यातील भांडण विकोपाला जाऊन १९६४ चा हंगाम अधिकृत मान्यतेविनाच पार पडला. लॉर्ड शॉक्रॉस ह्यांच्या चौकशीनंतर दोन्ही गट एकत्र येऊन १९६५ मध्ये अठरा संघांची ब्रिटिश लीग स्थापन झाली. १९६८ मध्ये दुसरा विभाग निघाला व १९७० च्या दशकात संघांची संख्या चाळिसाच्या जवळपास गेली. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर, इंग्लंडचा पीटर कॉलिन्स अशा स्वारांना घरोघर ओळख मिळाली. १९८१ मध्ये वेम्ब्लीच्या अखेरच्या जागतिक अंतिम शर्यतीला सु. ९२ हजार प्रेक्षक उपस्थित होते. ह्या आकड्याने फसगत होण्याचा संभव आहे. वर्षातून एकदा सर्व संघांचे चाहते एकत्र जमत असत. स्थानिक संघाच्या साप्ताहिक शर्यतीची गर्दी त्या वेळी घटत चालली होती. शिवाय त्या दशकाच्या मध्यास चार झडपांची एंजिने प्रचारात आल्यापासून गाडी बाळगण्याचा खर्चही बराच वाढला होता आणि तो अखेर प्रवर्तकाकडूनच वसूल होत असे.

मैदानांचा प्रश्न : १९६० च्या कायद्याने १९६१ पासून रस्त्यावरच्या दुकानांत पैज लावणे वैध झाले. त्याचा आघात कुत्र्यांच्या शर्यतींवर झाला, कारण पैज लावण्यासाठी मैदानावर जाण्याची गरज उरली नाही. मैदानांचे उत्पन्न घटले, तर शहरातील जमिनीची किंमत वाढत गेली. अशा स्थितीत मालकाने जागा घरबांधणीसाठी विकणे हे त्याच्या दृष्टीने व्यवहार्यच होते. स्पीडवेचा संघ हा केवळ पोटभाडेकरू. त्याच्या नफ्यातोट्याचा ह्या निर्णयाशी संबंध नव्हता. नॉरिचच्या संघाजवळ ओव्ह फुंडिन हा स्वीडिश जगज्जेता होता आणि प्रेक्षकवर्गही होता, तरी १९६४ मध्ये तेथील फर्स हे मैदान विकले गेले. वेस्ट हॅमचे क्रीडागार १९७२ मध्ये गेले, लेस्टरचे १९८३ मध्ये, तर बेल व्ह्यूचे हाइड रोड मैदान १९८७ मध्ये. क्रॅडली हीथचे १९९५ मध्ये गेलेले मैदान हे विशेष दुःखद उदाहरण होय. ब्रूस पेनहॉल, एरिक गुंडरसन व यान ऑ. पेडरसन असे तीन जगज्जेते ज्या संघाने पाहिले, त्याला नंतर स्वतःचे घर मिळाले नाही. विम्बल्डनचा संघ १९९१ मध्ये बंद पडला, २००२ मध्ये खालच्या स्तरावर पुन्हा उभा राहिला आणि भाड्याबाबत मालकाशी तडजोड न झाल्याने २००५ मध्ये संपला. त्यानंतर, जेथे एके काळी पाच-सहा मोठे संघ नांदत होते त्या लंडन शहरात स्पीडवेचा एकही नियमित संघ राहिला नाही.

मैदान गेले म्हणजे प्रेक्षकही जातो, आणि तो दुसऱ्या गावच्या संघाकडे वळत नाही. ह्या खेळाचा चाहता हा प्रामुख्याने आपल्या संघाचा चाहता असतो. आजोबांचे बोट धरून आलेला नातू पुढे आपल्या मुलाला आणतो, अशी ही परंपरा. एकदा ती तुटली की नवा प्रेक्षक तयार होत नाही आणि उरलेला वयस्क होत जातो. उलट दिशेने, गर्दी कमी झाली की भाडे देण्याची ताकद घटते. बहुतेक संघ प्रेक्षकसंख्या जाहीर करीत नसल्यामुळे ह्या घटीचे मोजमाप करणे कठीण आहे. परंतु बंद पडलेल्या मैदानांची यादी पुरेशी बोलकी आहे.

१९९९ पासून उपग्रह-दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपणाने वरिष्ठ संघांना काही वर्षे पैसा मिळाला. तो मैदाने खरेदी करण्याकडे वळला नाही. स्वारांच्या मोबदल्यात तो खर्ची पडला. त्याच सुमारास पोलंडमधील साखळी स्पर्धा पुढे आली. तेथील मैदाने बहुधा नगरपालिकांच्या मालकीची असतात व संघांना प्रायोजक आणि नगरपालिका ह्यांचे पाठबळ असते. त्यामुळे उत्तम स्वार तिकडे ओढले गेले व ब्रिटिश वेळापत्रक त्यांच्या सवडीनुसार आखावे लागले. स्वारांची टंचाई भरून काढण्यासाठी एकाच स्वाराला दोन विभागांतील दोन संघांकडून खेळण्याची मुभा देण्यात आली. खर्चाच्या दृष्टीने हे अपरिहार्य असेल. पण सोमवारी एका संघाचा आणि शुक्रवारी दुसऱ्याचा झगा घालणाऱ्या स्वाराशी प्रेक्षकाचे नाते जुळणे अवघड झाले. संघांची ताकद समान राखण्यासाठी घातलेल्या सरासरी गुणांच्या मर्यादेमुळे विजयी संघ पुढच्या हंगामात मोडावा लागे, हीही चाहत्यांची जुनी तक्रार आहे.

२०१६ पासूनच्या घडामोडींत हे सर्व धागे एकत्र दिसतात. त्या वर्षाअखेर कॉव्हेंट्रीचे ब्रँडन येथील, १९२८ पासूनचे मैदान बंद झाले. नवीन मालकाला तेथे घरे बांधायची होती. स्थानिक परिषदेने बांधकामास परवानगी नाकारली, पण त्यामुळे मैदान संघाला परत मिळाले नाही, आणि ओसाड वास्तूला आगही लागली. २०२० चा साखळी हंगाम कोविडच्या साथीमुळे रद्द झाला. २०२१ मध्ये वरिष्ठ विभागात केवळ सहा संघ उरले. २०१६ ते २०२१ ह्या काळातील विजेते पाहिले असता चित्र स्पष्ट होते. २०१६ चा विजेता वुल्व्हरहॅम्प्टन व २०२१ चा विजेता पीटरबरो ह्या दोघांनाही २०२३ च्या हंगामानंतर मैदान सोडावे लागले. २०१७ व २०१९ चा विजेता स्विंडन दुसऱ्या विजयानंतर एकही साखळी सामना खेळू शकला नाही. २०१८ चा विजेता पूल ह्याने आर्थिक कारणास्तव आपणहून खालच्या विभागात जाणे पसंत केले. धावमार्गावरील यशाने ह्यांपैकी कोणालाही वरिष्ठ विभागात टिकवून धरले नाही.

अपवाद मँचेस्टरचा. तेथे नगर परिषदेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये नॅशनल स्पीडवे स्टेडियम हे खास ह्या खेळासाठी बांधलेले क्रीडागार उभे राहिले. उद्‌घाटनाची शर्यत धावमार्ग असुरक्षित ठरल्याने रद्द करावी लागली आणि पहिल्या प्रवर्तकांचा कारभारही लवकरच संपुष्टात आला. मैदान सार्वजनिक मालकीचे असल्याने संघ मात्र वाचला आणि २०२२ व २०२४ मध्ये त्याने अजिंक्यपद मिळविले. जागतिक मालिकेतील ब्रिटिश शर्यत २००१ पासून कार्डिफच्या सु. ७४ हजार आसनांच्या क्रीडागारात होत असे. २०२५ मध्ये ती मँचेस्टरच्या ह्या, सुमारे ६ हजार प्रेक्षकांच्या मैदानावर आणण्यात आली.

ऑक्सफर्डचे उदाहरणही नोंदण्याजोगे आहे. तेथील मैदान अनेक वर्षे बंद होते व त्या जागी घरे बांधण्याची योजना होती. नगर परिषदेने २०१४ मध्ये हा परिसर संरक्षित म्हणून घोषित केला, त्यामुळे ती योजना अडली आणि २०२२ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या. तेथील संघही भाडेपट्ट्यावरच आहे.