‘पहिली’ नंतर कोण?

पुण्याच्या डायना पंडोल यांनी २०२४ साली राष्ट्रीय मोटार शर्यतींत सलून गटाचे विजेतेपद मिळवले. अशा राष्ट्रीय अजिंक्यपदावर नाव कोरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या गटात स्त्रियांची शर्यत वेगळी नसते. त्यांची स्पर्धा पुरुषांशीच होती. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांतून मात्र वाचकाला प्रथम कळले ते हे, की त्या शिक्षिका आहेत आणि दोन मुलांची आई आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण विजेत्या पुरुषाची ओळख करून देताना त्याला मुले किती, हे मथळ्यात येत नाही.

या मांडणीला पुण्यातच एक जुना पूर्वज आहे. १८८४ साली येथे मुलींचे हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, सुरू झाले. दोनच वर्षांनी नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणी शिक्षण नाटिका’ आली. शिकलेली स्त्री घराला पारखी होते, असा तिचा रोख होता. आजची बातमी त्या नाटिकेच्या नेमकी उलट बाजूची वाटते, कारण ती उपहास न करता कौतुक करते. तरी मोजपट्टी बदललेली नाही. तेव्हा घर सुटले म्हणून निंदा होती; आता घर सांभाळले म्हणून स्तुती आहे. दोन्हीकडे स्त्रीच्या कर्तृत्वाची साक्ष द्यायला घरालाच बोलावले जाते.

शर्यतींच्या इतिहासात हा पेच आरंभापासून दिसतो. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत कामी द्यू गास्ट या फ्रेंच चालक चांगल्या स्थानावर असताना अपघातग्रस्त प्रतिस्पर्ध्याच्या मदतीसाठी थांबल्या आणि मागे पडल्या. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या ऑटोमोबाईल क्लबने, केवळ स्त्री म्हणून, त्यांना शर्यतीत उतरण्यास मनाई केली. ज्या हातांनी गाडी आवरली आणि माणूसही सावरला, त्या हातांवर विश्वास ठेवायला नियमकर्ते तयार नव्हते.

आज मनाई नाही. तिच्या जागी ‘पहिली’ हे विशेषण आले आहे. ते गौरवाचे आहे, म्हणूनच अधिक तपासण्याजोगे आहे. २०१९ साली बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से यांनी मोटारसायकलच्या बाहा विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळवले. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय व्यक्ती. पुढे पंडोल आल्या, तेव्हा ‘पहिली’ची पाटी नव्याने लिहिली गेली. प्रत्येक जण आपापल्या प्रकारात पहिली असते, हे खरेच. पण प्रत्येक बातमी शून्यापासून सुरू झाली, की आधीची चालक नंतरचीच्या बातमीत येत नाही. मग परंपरा घडत नाही, नुसती अपवादांची यादी लांबते. मराठी साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही: ‘आद्य स्त्री-कादंबरीकार’ म्हणून एकदा नोंद झाली, की तिची कादंबरी वाचण्याची गरज पुष्कळांना उरत नाही.

लेला लोंबार्दी यांचे उदाहरण घ्यावे. १९७५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये त्या सहाव्या आल्या आणि त्यांना अर्धा गुण मिळाला. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदात गुण मिळवलेल्या त्या आजवरच्या एकमेव स्त्री. गुण अर्धाच का? तर अपघातामुळे ती शर्यत मध्येच थांबवली गेली आणि सर्वांनाच निम्मे गुण मिळाले. हे कारण सांगितले, तर तो अर्धा गुण शर्यतीच्या इतिहासात बसतो. ते वगळले, तर तो एक गमतीदार अपवाद होऊन राहतो.

म्हणून वार्ताहराकडे मागणी फार मोठी नाही. तिने कोणत्या वळणावर कोणाला मागे टाकले, पात्रता फेरीत ती कुठे होती, टायर शेवटपर्यंत कसे पुरवले, खर्चाची जुळणी कशी झाली, हे लिहावे; आणि तिच्याआधी त्या मार्गावरून कोण गेली, तेही. मुलांचा उल्लेख त्यानंतर आला तरी चालेल. शर्यतीची गोष्ट नीट सांगितली गेली, तरच ती वाचून दुसरी, तिसरी येईल. आणि त्या दुसरीचीही बातमी होते का, यावरूनच आपल्या कौतुकाची खरी किंमत कळेल.