वाढावा (न्यायालयीन लिलावातील)

हुकूमनाम्याच्या बजावणीत न्यायालयाने मिळकत विकल्यावर लिलावाचा खर्च आणि सर्व हक्कदार धनकोंचे देणे भागवून उरलेली रक्कम. ती निर्णीत ऋणकोची, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला त्याची असते. न्यायालय ती फक्त सांभाळते.

मुळात वाढावा फारसा उरूच नये, अशी दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 ची योजना आहे. आदेश 21, नियम 64 प्रमाणे वसुलीला पुरेल तेवढीच मिळकत विकायची असते. दहा एकरांपैकी दोन विकून देणे फिटत असेल, तर उरलेल्या आठ एकरांना हात लावता येत नाही. हे न्यायालयावरील बंधनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अंबटी नरसय्या खटल्यात (1989) स्पष्ट केले. राहते घर किंवा दुकानाचा गाळा मात्र तुकड्यांनी विकता येत नाही. मोठा वाढावा बहुधा तिथेच निघतो.

सर्वाधिक बोली लावणारा 25 टक्के रक्कम लगेच आणि बाकीची 15 दिवसांत भरतो. रक्कम जमा होण्यापूर्वी त्याच ऋणकोविरुद्ध पैशाच्या वसुलीची दरखास्त दाखल केलेल्या इतर धनकोंना कलम 73 नुसार प्रमाणशीर वाटा मिळतो. त्यानंतर उरते ती ऋणकोची. बँकेने 2002 च्या सरफेसी कायद्याखाली न्यायालयाबाहेर केलेल्या विक्रीलाही हेच तत्त्व लागू आहे.

मागणी न झालेला वाढावा दिवाणी ठेव म्हणून पडून राहतो. सर्वसाधारण कोषागार नियमांनुसार तीन पूर्ण हिशेबी वर्षे कोणी न मागितलेली ठेव मार्चअखेर व्यपगत होऊन सरकारी खात्यात जमा होते. ‘व्यपगत’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. पैसे बुडाले, असे समजून लोक मागणीच करत नाहीत. वास्तविक ही केवळ हिशेबातली हलवाहलव आहे. न्यायालयात अर्ज करून, जमा-नोंदीशी मेळ घातल्यावर, महालेखापालांच्या मंजुरीने ठेव परत मिळू शकते. ऋणको वारला असेल तर वारसांना आपले नाते सिद्ध करावे लागते. जुन्या मुंबई इलाख्यात 1827 च्या विनियम 8 खालील वारस दाखला यासाठी उपयोगी पडतो. न्यायालयात भरलेला पैसा नुसता पडून राहू नये, तो बँकेत वा वित्तीय संस्थेत ठेवलाच पाहिजे, यासाठी नियम करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने के. एल. सुनेजा खटल्यात (2023) सांगितले.

खरी उणीव कळवण्यात आहे. जप्ती आणि विक्री जाहीर करताना मिळकतीवर किंवा तिच्या आसपास दवंडी पिटण्याची तरतूद संहितेत आहे. घर गमावून गाव सोडलेल्या माणसाला ‘तुझे पैसे शिल्लक आहेत’ हे कळवण्यासाठी मात्र तिने तशी दवंडी सांगितलेली नाही.