केबिनमधली दुसरी जागा : एसटीची एक न लिहिलेली वाटचाल

पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगाव मागे पडलं की पिंपळवंडी लागते आणि लगेच आळेफाटा येतो. माळशेज घाट चढून आलेला कल्याण-नगर रस्ता इथे पुणे-नाशिक रस्त्याला छेदतो. त्यामुळे पुणे, नाशिक, ठाणे आणि नगर या चारही बाजूंच्या एसटी गाड्या या फाट्यावर एकत्र येतात. गाड्यांबरोबर माणसंही येतात. कुणी ड्युटी संपवून घराकडे निघालेला चालक असतो, कुणी पहाटेच्या फेरीसाठी आगार गाठायला निघालेला वाहक. हा माणूस दुसऱ्या आगाराच्या गाडीत चढतो, वाहकाला हळूच म्हणतो, ‘मास्तर, स्टाफ आहे,’ आणि जागा नसेल तर पुढे चालकाच्या केबिनमध्ये बोनेटपाशी जाऊन बसतो. एसटीचा इतिहास गाड्या, मार्ग आणि तोटा यांच्या आकड्यांत लिहिला जातो. त्या केबिनमधल्या दुसऱ्या जागेचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, आणि माझ्या मते संस्थेची तब्येत तिथेच सगळ्यात नीट कळते.

1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. चालक होते किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्डची. 1950 च्या मार्ग परिवहन कायद्याने महामंडळाला कायद्याचं अंग मिळालं, 1960 नंतर ते महाराष्ट्राचं झालं, 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर ‘एशियाड’ गाड्या आल्या, आणि आमच्या जुन्नरच्या किल्ल्याचं नाव घेऊन ‘शिवनेरी’ मुंबई-पुणे रस्त्यावर धावू लागली. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यात रेंगाळत नाही.

अडीचशेच्या आसपास आगारं असलेल्या या संस्थेत माणसाचं घर एका तालुक्यात आणि नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात, हे नेहमीचं. पहिली गाडी उजाडायच्या आत सुटते आणि शेवटची रात्री उशिरा पोचते. त्या वेळी घर ते आगार हा प्रवास सहकाऱ्याच्याच गाडीने होतो. मुक्कामी गाडी घेऊन डोंगराकडच्या गावी गेलेल्या जोडीचं सगळं आयुष्यच दुसऱ्याच्या आतिथ्यावर चालतं. निजायला गाडी किंवा देऊळ, आणि कुणाच्या तरी घरचा चहा. पासाने तिकीट माफ होतं. बाकी सगळं माणुसकीवर असतं.

या माणुसकीला रीत आहे. आधी वाहकाला सांगायचं, कारण मार्ग तपासणीचं पथक चढलं तर उत्तर त्याला द्यावं लागतं. पास मागायची वेळ येऊ द्यायची नाही, आपणच दाखवायचा. मग चालकाकडे पाहायचं. त्याने मान हलवली तरच केबिनमध्ये पाऊल टाकायचं. प्रवासी उभे असतील तर आसन धरून बसायचं नाही. आणि बसल्यावर त्याच्या चालवण्यावर बोलायचं नाही. गिअर उशिरा टाकला, ब्रेक जोरात लागला, तरी तोंड बंद. गाडी त्याची असते. पंचवीस वर्षं सेवा झालेला ज्येष्ठ चालकही दोन वर्षांच्या नवख्याच्या केबिनमध्ये पाहुणाच असतो.

विमानाच्या जगात हीच जागा ‘जंपसीट’ म्हणून ओळखली जाते. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक घडीचं आसन असतं. अमेरिकेत घर एका शहरात आणि नोकरीचं ठाणं दुसऱ्या शहरात असलेले हजारो वैमानिक त्यावर बसून, बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीच्या विमानातून, ये-जा करतात. तिथेही रीत तीच. ओळख तपासली गेली, कागद बरोबर असले, तरी पाहुण्याने स्वतः कॅप्टनसमोर उभं राहून विचारायचं, आणि कॅप्टनचा शब्द शेवटचा. दहा हजार फुटांखाली कामापुरतंच बोलायचं, असा नियम अमेरिकेने 1981 मध्ये केला. एसटीत चालकाशी बोलू नये अशी सूचना लिहिलेली असते, ती याच शहाणपणातून.

मग अशा गप्प पाहुण्याचा उपयोग काय? 28 ऑक्टोबर 2018 ची गोष्ट सांगतो. इंडोनेशियातल्या लायन एअरचं बोइंग 737 मॅक्स बालीतल्या देनपसारहून जकार्ताला निघालं आणि उड्डाणानंतर लगेच त्याचं नाक पुन्हा पुन्हा खाली जाऊ लागलं. जंपसीटवर एक ड्युटीवर नसलेला वैमानिक होता. त्या गोंधळातून वाट काढायला त्याची मदत झाली, शेपटाकडच्या नियंत्रणाचा वीजपुरवठा स्विचने तोडण्यात आला आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरलं. पण उतरल्यावर देखभालीच्या नोंदीत जे लिहिलं गेलं ते अपुरं होतं. तो वीजपुरवठा तोडावा लागला ही मुख्य गोष्ट त्यात आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांनी उडवलं. ते समुद्रात कोसळलं आणि 189 माणसं गेली.

एसटीच्या चालकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लॉगशीटवर ब्रेकची तक्रार लिहिलेली असते, पण ‘उतारावर डावीकडे ओढते, सांभाळ’ हे सहकाऱ्याच्या तोंडूनच कळतं. पावसाळ्यात माळशेजला कुठल्या वळणावर दरड सुटते आहे, धुकं कुठून दाट होतं, चंदनापुरी घाटात काम कुठे चालू आहे, ही खबर फाट्यावर दोन गाड्या शेजारी थांबल्या की खिडकीतून खिडकीत जाते. केबिनमधला पाहुणा ही खबर बरोबर घेऊनच येतो. त्याला दार बंद झालं, तर खबरीलाही बंद होतं.

या जागेचा गैरवापरही झाला आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. 7 एप्रिल 1994 रोजी अमेरिकेत मेम्फिसहून निघालेल्या फेडएक्सच्या मालवाहू विमानात जंपसीटचा हक्क वापरून कंपनीचाच एक कर्मचारी हातोडे घेऊन चढला. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार होती. त्याने तिन्ही वैमानिक-कर्मचाऱ्यांची डोकी फोडली. त्या तिघांनी रक्तबंबाळ अवस्थेत झुंजत विमान परत उतरवलं. आपल्याकडे फेब्रुवारी 2023 मध्ये दुबई-दिल्ली विमानात एअर इंडियाच्या एका वैमानिकाने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला 30 लाखांचा दंड केला आणि वैमानिकाचा परवाना तीन महिने निलंबित केला. एसटीत इतकं टोक क्वचित गाठलं जातं. इथले तंटे रोजचे असतात: पास न दाखवता अरेरावी करणारा, आसन अडवून म्हातारीला उभी ठेवणारा, चालकाशी अखंड गप्पा मारणारा, किंवा उलट, स्टाफचा हात पाहूनही गाडी न थांबवणारा. फाट्यावर मागे राहिलेला तो माणूस पहाटेची ड्युटी चुकवतो आणि वर्षभर त्या आगाराचं नाव लक्षात ठेवतो.

खरी फूट मात्र संपाने पडते. 1983 मध्ये अमेरिकेच्या कॉन्टिनेन्टल कंपनीत आणि 1985 मध्ये युनायटेडमध्ये वैमानिकांचे संप झाले. संप मोडून जे कामावर गेले त्यांना पुढे कित्येक वर्षं इतर वैमानिकांनी जंपसीट नाकारली. कायद्याने काही करता येत नव्हतं. कॅप्टन ‘नाही’ म्हणाला की पाहुणा विमानाच्या दारातूनच परत फिरायचा. माणसं निवृत्त झाली, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, तरी नावांच्या याद्या जपल्या गेल्या.

एसटीने हे 2021-22 मध्ये अनुभवलं. शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला संप नोव्हेंबरमध्ये राज्यभर पसरला. सरकारने पगारवाढ जाहीर केली, काही जण परतले, बहुतेक बाहेर राहिले. हजारो निलंबित आणि बडतर्फ झाले, अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. सुटलेल्या गाड्यांवर ठिकठिकाणी दगड पडले, आणि ती गाडी चालवणारा कालपर्यंत दगड मारणाऱ्याच्याच शेजारी चहा प्यायचा. अखेर उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत रुजू होण्यास सांगितलं आणि साडेपाच महिन्यांनी चाकं फिरली. माणसं कामावर आली, पण काही केबिनमध्ये मान हलेनाशी झाली.

माझं मत स्पष्ट आहे. थकलेल्या पगारापायी बाहेर राहिलेला चुकला नव्हता, आणि घरात चूल पेटावी म्हणून आत गेलेलाही गद्दार नव्हता. मागणी सरकारकडे होती. तिचा हिशेब सहकाऱ्याला रात्री फाट्यावर उभा ठेवून चुकता होत नाही. संघटनांनी पगार आणि कारवाईबद्दल बोलणी केली, तशी आपसातल्या वागणुकीबद्दलही आपल्या सभासदांशी बोलायला हवी होती.

आता आणखी एक वळण आलं आहे. 1 जून 2022 रोजी, एसटीच्या वर्धापनदिनी, त्याच पुणे-नगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. भाडेतत्त्वावरच्या या गाड्यांत वाहक महामंडळाचा आणि चालक कंत्राटदाराचा. त्याला एसटीचा पास नाही, वेतनश्रेणी नाही. घाट तोच, प्रवासी तेच, जबाबदारी तीच. मग रात्री फाट्यावर हात करणारा तो चालक ‘स्टाफ’ आहे की नाही? मी म्हणतो, आहे. चाळीस-पन्नास जिवांचं स्टिअरिंग ज्याच्या हाती दिलं, त्याला केबिनमध्ये परका ठरवणं संस्थेला परवडणारं नाही. महामंडळाने याबद्दल लेखी नियम करावा. तो होईपर्यंत वाहकांनी आपल्या शब्दावर निभावून न्यावं.

आणि एक विनंती आपल्या भागातल्या वाचकांना. पिंपळवंडी, नारायणगाव, ओतूर, मंचर या गावांत एसटीतून निवृत्त झालेले चालक-वाहक राहतात. बेडफर्डच्या काळातले तर आता विरळाच. महामंडळाने 2023 मध्ये पंचाहत्तर वर्षं पूर्ण केली, तेव्हा गाड्यांची छायाचित्रं खूप निघाली. या माणसांच्या आठवणी मात्र कुणाच्या वहीत नाहीत. मुक्कामी गावात कुणी जेवू घातलं, कुणाच्या केबिनमध्ये जागा मिळाली, कुठे नाकारली गेली, हे त्यांच्याकडे बसून विचारा आणि लिहून ठेवा.