संगणकीय मजकूर-शुद्धीकरण

संगणकीय मजकूर-शुद्धीकरण : साध्या मजकुराच्या फाइलींतील नोंदी डेटाबेसमध्ये भरण्यापूर्वी त्यांतील चुका व विसंगती दूर करून त्यांना एकसारखे रूप देण्याची प्रक्रिया. हे काम संगणकाहून जुने आहे. हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) यांची छिद्रित कार्डे मोजणारी यंत्रे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरण्यात आली. कार्ड नीट वाचले गेले की यंत्राची घंटा वाजे; ती न वाजल्यास कार्ड बाजूला काढून तपासले जाई.

अशा तपासणीत अशक्य नोंद सापडते. शक्य वाटणारी चुकीची नोंद मात्र निसटते. अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेत किशोरवयीन विधुरांची संख्या विलक्षण मोठी आढळली. आन्सली कोल व फ्रेडरिक स्टीफन यांनी १९६२ मध्ये त्याचा उलगडा केला. काही कार्डांवरील छिद्रे एक स्तंभ उजवीकडे सरकली होती. त्यामुळे मध्यमवयीन पुरुषांपैकी काहींची गणना कोवळ्या वयाच्या विधुरांत झाली आणि १०–१४ व २०–२४ या वयोगटांतील अमेरिकी इंडियन पुरुषांची संख्याही फुगली. अशी कार्डे थोडीच होती. मोठ्या गटांच्या बेरजेत ती जाणवलीही नसती. पण मुळातच अल्पसंख्य असलेल्या गटांचे चित्र त्यांनी पार बदलून टाकले.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर आधारलेले डेटाबेस पुढे रूढ झाले, तरी हा दोष गेला नाही. स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या फाइलीत पत्त्यातील एखादा स्वल्पविराम अवतरणचिन्हांत न घातल्यास पुढचे सर्व रकाने तसेच सरकतात. फाइली ओळीओळीने तपासून दुरुस्त करण्यासाठी बेल प्रयोगशाळेत तयार झालेली ऑक (१९७७) व नंतरची पर्ल (१९८७) या भाषा विशेष उपयुक्त ठरल्या.

देवनागरीत अडचण निराळी आहे. भारतीय मानक संकेतावली (१९९१) व युनिकोड यांचा वापर रुळण्यापूर्वीचा बराचसा मराठी मजकूर अक्षरांच्या आकारांनुसार साठविलेला होता; त्यात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येई. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना केवळ चिन्हे बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही बदलावा लागतो. युनिकोडमध्येही एकच दिसणारे अक्षर दोन प्रकारे लिहिलेले आढळते. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला, त्याआधी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहीत. डोळ्यांना अभिन्न असलेली ही रूपे शोध घेताना यंत्राला भिन्न वाटतात व एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात.

अतिशुद्धीही घातक ठरते. ‘ऱ्या’ काही फाइलींत र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह व ‘या’ अशा क्रमाने लिहिलेला असतो. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून सरसकट गाळली, की तेथे रफार उमटतो. दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना द्यावयाचे वेतन आचार्यांच्या नावे लागते. म्हणून मूळ फाइल तशीच जपून शुद्धीकरण तिच्या प्रतीवर करतात.