आधी फिडर बघा, मग बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीचा इतिहास वाचायला घ्या. १९९१ साली सोनीने ती बाजारात आणली, इथून सुरुवात होते आणि २०१९ च्या नोबेलवर गाडी थांबते. चार्जरमागची वीज कुठून येते, हे त्यात कुणी विचारत नाही. प्लगमध्ये ती असणारच, असं धरलेलं.

औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारहून हाच इतिहास लिहायचा तर सुरुवात वेगळी होईल. २००१ मध्ये दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आलं, आणि त्याच सुमारास ग्रामीण भागात भारनियमन रोजचं झालं. नेमक्या त्याच वर्षांत खेड्यापाड्यांत मोबाईल पोचला. म्हणजे आपल्याकडे लिथियम बॅटरी आली तीच लाईट नसताना!

ही बॅटरी दोन टप्प्यांत भरते. आधी ठरावीक करंट. मग सेल साधारण ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तेवढंच ठेवायचं आणि करंट आपोआप उतरत जातो. लाईट मधेच गेली तर दुसरा टप्पा अर्धवट राहतो. त्याने बॅटरी बिघडते असं सांगणारे पुष्कळ भेटतील, पण ती समजूत निकेल-कॅडमियमच्या काळातली. लिथियमला थोडं कमी भरणं उलट मानवतं.

खरी अडचण आखाड्यावरच्या छोट्या सोलर पॅनेलची. ढग आला की साधा चार्जर पॅनेलच्या ऐपतीपेक्षा जास्त ओढतो, व्होल्टेज कोसळतं, चार्जर बंद. भार गेला की व्होल्टेज चढतं, चार्जर पुन्हा चालू. दिवसभर हाच खेळ. आणि शेतीची लाईट रात्रपाळीला असली की पाणी द्यायला निघालेल्या माणसाची टॉर्च बांधावर विझते. तिथे साप असतो, हे तुमच्या ग्राफमध्ये दिसत नाही.

उपाय जुना आहे. चार्जरने बॅटरीबरोबर पॅनेलचंही व्होल्टेज बघायचं. ते घसरू लागलं की मागणी कमी करायची. १९६८ मध्ये बोरिंगर यांनी अंतराळयानांच्या सौर वीजपुरवठ्यासाठी असा स्वतः जुळवून घेणारा कन्व्हर्टर मांडला होता. आधी अंतराळ, मग आखाडा!

म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘स्रोत स्थिर गृहीत धरला आहे’ हे वाक्य लिहिताना जरा थांबा. मीही ते लिहिलं होतं, मग खोडलं. शेतीच्या फिडरची वेळ, आलेलं व्होल्टेज, लाईट गेल्याचे मिनिट, हे सगळं आठवडाभर वहीत टिपा. सिम्युलेशन त्यानंतर उघडा.